धुऱ्याच्या वादातून शेतात अतिक्रमणाचा गुन्हा दाखल झाला आहे; तालुका न्यायालयात अशी प्रकरणे शेवटी कशी मिटतात?

काळी_माती (यवतमाळ जिल्हा)

नमस्कार मंडळी. आमच्या शेताला लागून वडिलांच्या चुलत भावाचे शेत आहे आणि मधल्या धुऱ्यावरून (बांधावरून) दोन्ही घरांत बऱ्याच वर्षांपासून धुसफूस आहे. उन्हाळ्यातल्या नांगरणीत काकांनी आमच्या बाजूने धुरा कोरला, असे वडिलांचे म्हणणे आहे; धुरा आजोबांच्या काळापासून तिथेच आहे, असे काका सांगतात. पेरणी झाल्यावर वडील आणि धाकटा भाऊ त्या पट्ट्यात गेले, काकांनी पेरलेल्या कपाशीची दोन तासे (ओळी) त्यांनी डवऱ्याने मोडली आणि तिथे तूर टोबली. काका आणि काकू धावत आले, शब्दाला शब्द लागला आणि प्रकरण पोलीस ठाण्यात गेले.

वडील आणि भाऊ या दोघांवर भारतीय न्याय संहितेच्या कलम 329(3) (अतिक्रमण), 324(2) (नुकसान), 352 (शिवीगाळ करून अपमान), 351(2) (धमकी) आणि 3(5) (समान इरादा) खाली गुन्हा नोंदवला गेला. अटक झाली नाही. पोलिसांनी नोटीस देऊन जबाब घेतले आणि आता दोषारोपपत्र दाखल होऊन तालुका न्यायालयाचे समन्स आले आहे. गावातील जाणती माणसे सांगतात की, पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल करावा, जो काही दंड होईल तो भरावा आणि मोकळे व्हावे, कारण तारखांना जाऊन फवारणीचे दिवस बुडतात आणि वकिलाची फी वेगळी लागते. वडिलांनाही तेच पटले आहे. माझी अडचण अशी की धाकटा भाऊ पोलीस भरतीची तयारी करत आहे.

अशा खटल्यांचा शेवट साधारणपणे कसा होतो, तुरुंगवासाची कितपत भीती बाळगावी आणि कबुली देणे शहाणपणाचे आहे का, हे ज्यांनी अशी प्रकरणे जवळून पाहिली आहेत त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

---

तालुका_वकील

काळी_माती भाऊ, वडिलांना आधी एवढेच सांगा की पहिल्या तारखेला घाईने काहीही कबूल करू नका. त्याचे कारण पुढे येईलच, पण आधी गुन्ह्याचे वजन नीट समजून घ्या.

कलम 329(3) हे साध्या फौजदारी अतिक्रमणाचे कलम आहे. त्याला जास्तीत जास्त तीन महिने कारावास किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. 1 जुलै 2024 पूर्वीच्या घटनांना जुन्या भारतीय दंड संहितेचे कलम 447 लागते; तिथेही कारावास तीन महिन्यांचाच आहे, दंडाची मर्यादा मात्र 500 रुपये होती. घरात शिरल्याचा आरोप असता तर 329(4) लागले असते आणि त्यात कारावास एक वर्षापर्यंत आहे. तुमच्या प्रकरणातील एकाही कलमाची कमाल शिक्षा दोन वर्षांच्या वर जात नाही, म्हणून हा समन्स खटला, म्हणजे कमी शिक्षेच्या गुन्ह्यांचा सोप्या पद्धतीने चालणारा खटला आहे. अतिक्रमणाचे मुख्य कलम जामीनपात्र आहे आणि बाकीची कलमेही त्याच पातळीची आहेत. ज्या माणसावर आधीचा एकही गुन्हा नाही, त्याला धुऱ्याच्या भांडणात प्रत्यक्ष तुरुंगात जावे लागल्याचे माझ्या पाहण्यात फार क्वचित आले आहे.

आता शेवट कसा होतो ते पाहू. काही प्रकरणे खटल्यापर्यंत येतच नाहीत. तपासात वाद निव्वळ दिवाणी स्वरूपाचा दिसला तर पोलीस न्यायालयात ‘क’ समरीचा, म्हणजे प्रकरण बंद करण्याचा अहवाल पाठवतात आणि फिर्यादीचे म्हणणे ऐकून न्यायालय तो मान्य किंवा अमान्य करते. तुमच्याकडे दोषारोपपत्र आलेले असल्यामुळे ती वेळ गेली. यापुढे मुख्यतः तीन वाटा उरतात, त्या म्हणजे तडजोड, कबुली किंवा साक्षीपुरावा होऊन निकाल.

साक्षीपुरावा झाला तर फिर्यादी पक्षाला दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. पहिली म्हणजे त्या पट्ट्यावर ताबा फिर्यादीचा होता, आणि दुसरी म्हणजे आरोपी तिथे गुन्हा करण्याच्या किंवा फिर्यादीला धाक घालण्याच्या, त्याचा अपमान करण्याच्या अथवा त्याला त्रास देण्याच्या इराद्याने शिरला. बहुतेक खटले या दुसऱ्या गोष्टीवर अडखळतात. सर्वोच्च न्यायालयाने मथरी विरुद्ध पंजाब राज्य या निकालात स्पष्ट केले आहे की, आपल्या जाण्याने समोरच्याला त्रास होईल हे आरोपीला माहीत असणे पुरेसे नाही. त्रास देणे हाच त्याच्या प्रवेशाचा मुख्य हेतू असला पाहिजे. ‘ही जागा माझी आहे’ अशा प्रामाणिक समजुतीने शेतात गेलेल्या माणसाला या निकालाचा आधार मिळतो. शिवाय गावातले पंच आणि साक्षीदार दोन्ही घरांचे सोयरे निघतात, काही जण साक्षीच्या वेळी फितूर होतात, आणि हद्दीचा मोजणी नकाशा दोषारोपपत्रात नसेल तर नेमका कोणता पट्टा कोणाच्या ताब्यात होता हेच सिद्ध होत नाही. अशा कारणांनी निर्दोष सुटणाऱ्यांची संख्या मोठी असते, मात्र त्या निकालापर्यंत पोहोचायला बराच काळ जातो.

यावरून तुमची बाजू भक्कम आहे असे मात्र समजू नका. तुमच्या वडिलांनी उभे पीक मोडले आहे आणि ती गोष्ट न्यायाधीशांच्या नजरेत भरणारी आहे. जमीन खरोखर आपली असली तरी दुसऱ्याच्या स्थिर ताब्यात असलेली जागा मालकानेही जोरजबरदस्तीने परत घ्यायची नसते, त्यासाठी कायद्याची वाट धरायची असते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2004 च्या रामे गौडा प्रकरणात ठामपणे सांगितले आहे. काका त्या पट्ट्यात कधीपासून पेरत आले आहेत, यावर पुष्कळ काही ठरेल. यंदाच नांगरून त्यांनी जागा घेतली असेल तर तो स्थिर ताबा नव्हे. पण सातबारा, पीकपाहणी आणि मोजणीची ‘क’ प्रत (मोजणीनंतर मिळणारा हद्दीचा नकाशा) यांपैकी काहीतरी तुमच्या बाजूने बोलणारे हवे. अधिकार अभिलेखातील नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी मानली जाते, हे महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 157 मध्ये आहे. परंतु सातबाऱ्यावर क्षेत्र लिहिलेले असते, धुरा कुठे आहे ते लिहिलेले नसते, आणि धुऱ्याच्या बहुतेक फिर्यादींमध्ये दोन्ही पक्ष आपापला सातबारा घेऊन येतात, नकाशा मात्र कोणाकडेच नसतो.

आता कबुलीकडे वळू. कबुली दिली की न्यायालय बहुधा किरकोळ दंड ठोठावते आणि माणूस दुपारी घरी परततो, म्हणून ती सोपी वाटते. पण ती कायद्याच्या दृष्टीने दोषसिद्धी असते. तुमचे वडील शेतकरी आहेत, त्यांना त्याचा तोटा कमी जाणवेल. मात्र भरतीच्या रांगेत उभ्या असलेल्या मुलाच्या चारित्र्य पडताळणीत ती नोंद समोर येते आणि तिथे दंडाची रक्कम किती होती हे कोणी विचारत नाही. हद्दीच्या पुढच्या दिवाणी दाव्यातही काकांचा वकील ही कबुली पुढे केल्याशिवाय राहणार नाही. कबुलीशिवाय गत्यंतरच उरले नाही तर निदान परिवीक्षा अधिनियम 1958 चा लाभ मागून घ्या. त्याच्या कलम 3 प्रमाणे समज देऊन किंवा कलम 4 प्रमाणे चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडता येते, आणि कलम 12 मुळे दोषसिद्धीला चिकटून येणारी अपात्रता लागत नाही. ही मागणी त्याच वेळी तोंडी का होईना पण न्यायालयासमोर करावी लागते, आणि वकील न घेता कबुली देणाऱ्यांना ती ठाऊक नसते.

तिसरी वाट तडजोडीची, आणि तुमच्यासारख्या नात्यातल्या प्रकरणात मी पक्षकाराला आधी तीच सुचवतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 359 नुसार साध्या अतिक्रमणाचा गुन्हा, ज्याच्या ताब्यातील जागेत अतिक्रमण झाले तो माणूस मिटवू शकतो आणि त्यासाठी न्यायालयाची वेगळी परवानगी लागत नाही. शिवीगाळ, धमकी आणि खासगी माणसाचे नुकसान ही कलमेही त्याच पद्धतीने मिटतात. अशा तडजोडीचा परिणाम कायद्याने निर्दोष मुक्ततेइतका असतो. राष्ट्रीय लोकअदालतीच्या दिवशी असे प्रकरण ठेवण्याची विनंती तालुका विधी सेवा समितीकडे करता येते. अर्थात नेहमीच्या तारखेलाही तडजोड दाखल करता येते, लोकअदालतीसाठी थांबलेच पाहिजे असे नाही.

---

निवृत्त_न्यायालयीन_कर्मचारी

वकीलसाहेबांनी कायदा नीट मांडला आहे, मी फक्त न्यायालयात प्रत्यक्ष काय घडते ते लिहितो, कारण प्रकरणे फिसकटतात ती पुष्कळदा तिथेच.

समन्सवर प्रकरण क्रमांक असतो. ‘एससीसी’ म्हणजे संक्षिप्त फौजदारी खटला आणि ‘आरसीसी’ म्हणजे नियमित फौजदारी खटला. ई-कोर्ट्स सर्व्हिसेस या ॲपवर सोळा अंकाक्षरांचा सीएनआर क्रमांक टाकला की पुढची तारीख आणि रोजनाम्याचा (तारखेच्या कामकाजाच्या नोंदीचा) गोषवारा घरबसल्या कळतो, म्हणून तो क्रमांक पहिल्याच दिवशी लिहून घ्या. पुकारा झाला आणि आरोपी व वकील दोघेही हजर नसले तर आधी जामीनपात्र वॉरंट निघते आणि तरीही कोणी आले नाही तर अजामीनपात्र. धुऱ्याच्या भांडणात ज्यांना पोलीस गाडीतून आणलेले मी पाहिले, ते गुन्ह्यामुळे नव्हे तर तारखा चुकवल्यामुळे आलेले होते. पेरणी, फवारणी किंवा आजारपण असेल तर वकिलामार्फत त्या दिवसापुरता गैरहजेरी माफीचा अर्ज देता येतो आणि योग्य कारण असेल तर न्यायाधीश तो सहसा मंजूर करतात. वडील वयस्कर असतील तर प्रत्येक तारखेला हजर राहण्यापासून कायमची सूट मागण्याचीही सोय आहे. त्यांच्या वतीने वकील हजर राहतो आणि आवश्यक त्या दिवशीच त्यांना यावे लागते.

तडजोडीच्या बाबतीत माझ्या नोकरीत एकच चूक पुन्हा पुन्हा दिसत असे. पुरसिसवर, म्हणजे न्यायालयात द्यायच्या तडजोडीच्या लेखी निवेदनावर, फक्त फिर्यादीची सही घेऊन लोक यायचे. मात्र प्रत्येक कलमाचा बाधित माणूस वेगळा असू शकतो. अतिक्रमणाची तडजोड जागेचा ताबेदार करतो, नुकसानीची ज्याचे नुकसान झाले तो करतो आणि अपमानाची ज्याचा अपमान झाला तो करतो. तुमच्या प्रकरणात शिवीगाळ काकूंना झाल्याचे जबाबात असेल तर काकूंनीही हजर राहून सही केली पाहिजे, नाहीतर ते एक कलम शिल्लक राहते आणि त्या एका कलमासाठी खटला चालू राहतो. काकांनी ते शेत मक्त्याने कोणाला दिले असेल तर ताबेदार तो मक्तेदार ठरतो आणि त्याची सही लागते. दोषारोपपत्रासोबतचे जबाब वाचल्याशिवाय हे कळणार नाही, म्हणून त्याच्या प्रती आधी मिळवा. आरोपीला त्या विनामूल्य मिळतात.

त्या दिवशी दोन्ही बाजूंनी आधारकार्ड घेऊन यावे. न्यायाधीश फिर्यादीला स्वतः विचारतात की तडजोड स्वखुशीने करत आहात का, कोणाचा दबाव आहे का. ‘गावाने सांगितले म्हणून करतो’ असे उत्तर आले तर न्यायाधीश थांबतात आणि पुढची तारीख देतात, आणि ते योग्यच आहे. पोलीस पाटील किंवा तंटामुक्त गाव समितीच्या अध्यक्षांनी बैठक घेतली असेल तर त्याचा उपयोग दोन घरांना समोरासमोर बसवण्यापुरता असतो. ग्रामपंचायतीच्या कागदावर झालेला करारनामा न्यायालयात पुरसिस दाखल होईपर्यंत खटला संपवत नाही, आणि तो तसा संपला असे समजून तारखेला न जाणाऱ्यांवर वॉरंट निघालेले मी पाहिले आहे.

---

एकटी_कास्तकार (वर्धा जिल्हा)

या चर्चेत फिर्यादीची बाजू कोणीतरी लिहायला हवी म्हणून लिहीत आहे. मी स्वतः अशा खटल्यात फिर्यादी आहे.

माझे पती गेल्यानंतर शेजारच्या कास्तकाराने दरवर्षी वखरणीच्या वेळी एकेक तास आमच्या शेतात सरकवायला सुरुवात केली. मी अडवले की तो म्हणायचा, ताई, तुम्हाला हद्द काय कळते. पोलीस ठाण्यात गेले तर दरवेळी अदखलपात्र नोंद करून कागद हातात दिला जायचा आणि ‘ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा’ एवढेच सांगितले जायचे. शेवटी विधी सेवा समितीच्या वकीलताईंनी मला सांगितले की अतिक्रमणाचा गुन्हा दखलपात्र आहे आणि ठाण्यात नोंद घेतली नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार पाठवता येते, तिथेही दाद मिळाली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. लेखी तक्रार नोंदणीकृत टपालाने गेली आणि त्यानंतर गुन्हा नोंदवला गेला. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हे माझ्यासारख्या कितीतरी जणींना माहीत नाही. 15100 या क्रमांकावर फोन केला तरी माहिती मिळते.

गुन्हा नोंदवल्यावर सगळे गाव तडजोडीसाठी माझ्या दारात आले. तोवर यांपैकी कोणीही त्याला अडवायला धुऱ्यावर आले नव्हते. मी तडजोडीला नाही म्हटले नाही, पण आधी मोजणी, मग दगड, आणि मग सही, असे सांगितले. दरम्यान दिवाणी न्यायालयात मनाई हुकमाचा दावा दाखल केला आणि निशाणी 5 वरील अर्जावर तात्पुरता मनाई हुकूम मिळाला, त्यामुळे मागचा खरीप निर्धास्तपणे घेता आला. मोजणीदार आले तेव्हा दोन्ही बाजूच्या लोकांसमोर त्यांनी खुणा केल्या, चुन्याची फक्की टाकली आणि जुना हद्दीचा दगड त्याच्या बाजूच्या पळाटीच्या (कपाशीच्या वाळलेल्या झाडांच्या) ढिगाखाली निघाला. तो दगड मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे, आणि त्या दिवसापासून त्याचा आवाज खाली आला.

काळी_माती दादा, तुमचे वडील खरे असतीलही. तरीही काकूंच्या जागी उभे राहून पाहा. उगवून आलेली कपाशी डोळ्यांदेखत मोडली जाते तेव्हा बियाण्याचे आणि खताचे पैसे तर जातातच, शिवाय उद्या पुन्हा येतील का ही धास्ती पुढचा सगळा हंगाम सोबत राहते. तडजोडीची गोष्ट काढण्याआधी मोडलेल्या पिकाची भरपाई स्वतःहून देऊ करा. ज्या घरातून असा निरोप येतो त्या घराशी बोलावेसे वाटते, हे मी फिर्यादी म्हणून सांगते.

---

गोठा_आणि_वावर

थोडी वेगळी पण लागून असलेली गोष्ट. गुरे शेतात शिरल्यावरही लोक अतिक्रमणाची फिर्याद द्यायला धावतात. चुकून सुटलेली गुरे शिरली तर त्यात मालकाचा इरादा नसतो, म्हणून 329 टिकत नाही. त्यासाठी 1871 चा गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा आहे. गुरे धरून चोवीस तासांच्या आत कोंडवाड्यात पोचवायची असतात. राग येऊन ती स्वतःच्या गोठ्यात बांधून ठेवली तर उलट आपल्यावरच तक्रार होते. मुद्दाम पिकात गुरे घातली असतील तर ती बाब मात्र निराळी आहे.

---

काळी_माती (यवतमाळ जिल्हा)

सर्वांचे मनापासून आभार. ताई, तुमचे लिहिणे वडिलांना वाचून दाखवले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, पण भरपाई द्यायला तयार झाले आहेत. मामांच्या मध्यस्थीने काकांशी बोलणेही झाले आणि तेही मिटवायला तयार आहेत. मात्र त्यांची अट अशी आहे की न्यायालयातील पुरसिसमध्येच वडिलांनी लिहून द्यावे की सध्याचा धुरा हीच कायमची हद्द आहे आणि त्यापलीकडे आमचा कोणताही हक्क नाही. वडील म्हणतात, भांडण संपत असेल तर लिहून देऊ. हे करावे का? आणि तडजोड झाल्यावर भावाने भरतीच्या अर्जात या गुन्ह्याचा उल्लेख करायचा की नाही?

---

तालुका_वकील

पहिल्या प्रश्नाचे उत्तर नाही असे आहे, आणि ते काकांनाही समजावून सांगण्यासारखे आहे, कारण त्या वाक्याने त्यांचाही फायदा होणार नाही. फौजदारी पुरसिसमध्ये हद्द लिहिल्याने नकाशा बदलत नाही आणि सातबाराही बदलत नाही. जमिनीचा हक्क सोडायचा किंवा द्यायचा तर नोंदणीकृत दस्त लागतो. उद्या मोजणीत पट्टा तुमच्या गटात निघाला तर काकांच्या हाती फक्त एक वादग्रस्त वाक्य राहील. आणि तुमच्या विरुद्ध मात्र ते वाक्य दिवाणी दाव्यात कबुली म्हणून वर्षानुवर्षे वाचले जाईल. दोन्ही घरांना पुढच्या पिढीपर्यंत पुरेल असा दावा त्यातून तयार होतो. पुरसिसमध्ये एवढेच असावे की उभय पक्षांत स्वखुशीने तडजोड झाली आहे, नुकसानीची भरपाई फिर्यादीला मिळाली आहे आणि या प्रकरणातील गुन्हे फिर्यादी व अन्य बाधित व्यक्ती मिटवत आहेत.

हद्दीसाठी वेगळा समजुतीचा लेख करा. त्यात दोघांनी मिळून उप अधीक्षक भूमी अभिलेख यांच्याकडे हद्द कायम मोजणीचा अर्ज करायचा, फी निम्मी-निम्मी भरायची, मोजणीच्या दिवशी दोघांनी हजर राहून खुणा पाहून घ्यायच्या आणि मोजणी मान्य नसेल तर वरिष्ठ कार्यालयात दाद मागायची, पण धुऱ्याला हात लावायचा नाही, असे लिहा. उभ्या पिकात मोजणी नीट होत नाही आणि पीक तुडवल्याचे नवे भांडण उभे राहते, म्हणून तूर निघाल्यानंतर आणि पुढच्या नांगरणीच्या आत ती करून घ्या. तोवर त्या पट्ट्यातील तुमची तूर आणि काकांची उरलेली कपाशी कोणी काढायची हेही त्याच लेखात लिहून टाका. एवढीशी गोष्ट न लिहिल्यामुळे दिवाळीच्या सुमारास दुसरा गुन्हा नोंदवला गेल्याची प्रकरणे माझ्याकडे आलेली आहेत. एक शक्यता तपासून पाहा. काकांचा काही भाग तुमच्या ताब्यात आणि तुमचा काही भाग काकांच्या ताब्यात, असा अदलाबदलीचा ताबा किमान बारा वर्षांचा असेल तर त्यासाठी राज्य शासनाने 2023 मध्ये सलोखा योजना आणली आहे. तिच्यात अदलाबदलीच्या दस्ताला मुद्रांक शुल्क 1000 रुपये आणि नोंदणी फी 1000 रुपये एवढेच लागते. तुमच्या वर्णनावरून ती इथे बसेल असे वाटत नाही, तरी जुने ताबे पाहताना लक्षात असू द्या.

काका अजूनही हद्द लिहून घेण्यावर अडून बसले तर तडजोड थांबवा, पण बोलणे थांबवू नका. खटला चालू असताना निकालापूर्वी कधीही तडजोड करता येते. मोजणी आधी करून घेतली आणि तडजोड नंतर केली तरी काही बिघडत नाही. उलट त्या क्रमाने झालेली तडजोड अधिक टिकते, हे वरच्या ताईंच्या अनुभवावरूनही दिसते.

भावाच्या अर्जाबद्दल माझे मत ठाम आहे. अर्जात किंवा साक्षांकन नमुन्यात ‘आपल्यावर कधी गुन्हा दाखल झाला होता का’ असा प्रश्न असेल तर खरे उत्तर लिहावे, खटला तडजोडीने संपला असला तरीही लिहावे. सर्वोच्च न्यायालयाने 2016 च्या अवतार सिंग प्रकरणात म्हटले आहे की उमेदवाराने दिलेली माहिती खरी असली पाहिजे आणि काहीही दडवलेले नसावे. खरी माहिती दिल्यानंतर गुन्ह्याचे स्वरूप पाहून निर्णय घेण्याचा अधिकार नियोक्त्याला असतो. धुऱ्याच्या भांडणातील अतिक्रमण हा किरकोळ गुन्हा म्हणून सोडून दिला जाण्याची चांगली शक्यता असते, पण माहिती लपवल्याचे उघड झाले तर तेच कारण निवड रद्द व्हायला पुरते. पोलीस दलाच्या बाबतीत एक गोष्ट मी स्पष्ट सांगून ठेवतो. 2013 च्या मेहर सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे धरले की तडजोडीमुळे किंवा साक्षीदार फितूर झाल्यामुळे झालेली मुक्तता म्हणजे नोकरीचा आपोआप हक्क नव्हे, छाननी समिती प्रकरण तपासून पाहू शकते. तेव्हा भावाची त्या दिवशीची प्रत्यक्ष भूमिका काय होती हे जबाबांमधून काढा. तो नुसता वडिलांसोबत उभा होता की डवरा त्याने धरला होता, याने समितीसमोर फरक पडतो. त्याच्या विरुद्ध जबाबांत काहीच नसेल आणि काका तडजोडीला तयार झाले नाहीत, तर त्याच्यापुरता खटला रद्द करण्यासाठी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 528 खाली अर्ज करण्याचा विचार करता येईल. तो खर्चाचा मार्ग आहे, म्हणून आधी तडजोडीचा प्रयत्न पूर्ण करा.

तडजोडीचा आदेश झाला की त्याच दिवशी प्रमाणित नकलेसाठी अर्ज द्या आणि वडिलांच्या व भावाच्या नावाच्या दोन वेगळ्या नकला घ्या. भावाची नकल दोषारोपपत्राच्या प्रतीसोबत जपून ठेवा, कारण पडताळणीसाठी ठाण्यातून बोलावणे येते तेव्हा हे दोन्ही कागद एकत्र दाखवावे लागतात.